कर्नलच्या हाताखाली

कोळंबीचा वास साबणाने जात नाही. लिंबाने थोडा दबतो, चिंचेच्या कोळाने त्याहून थोडा, पण नखांच्या कडेला जो एकदा मुरतो तो दुसऱ्या दिवशीची कोळंबी येईपर्यंत तिथेच असतो. गिरण्यांचा संप फसला, बाबा घरी बसले, आणि त्यानंतर काही वर्षं लालबागच्या आमच्या खोलीत रोज सकाळी कोळंबीच्या टोपल्या येत राहिल्या. वरळी कोळीवाड्यातली एक बाई त्या हातगाडीवरून चाळीच्या तोंडाशी उतरवून जायची. डोकं मोडायचं, साल ओढायचं, पाठीतला काळा दोरा सुईने काढायचा आणि सोललेली कोळंबी बर्फाच्या डब्यात टाकायची. ती पुढे परदेशी जायची म्हणे. आम्हाला उरायची ती डोकी. आई त्यांचं सार करायची, भरपूर सोलं, म्हणजे आमसुलं, आणि लाल मिरची घालून, आणि ते चांगलंच लागायचं, हेही सांगायला हवं. पण कोळंबीचं पाणी बोटांना चावतं. आईच्या बोटांची टोकं भिजलेल्या पोह्यांसारखी पांढरी फुगलेली असत, त्यांची सालपटं निघत, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. मी भाकरी उचलून आधी वास घ्यायचे. आई ते बघायची आणि काही बोलायची नाही.

बाबा मात्र बोलायचे. खाटेवर बसून, कानाशी रेडिओ धरून, नाकाला रुमाल लावून ते म्हणायचे की या घरात माणूस राहील की मांजर. त्यांनी एकही कोळंबी कधी सोलली नाही. आम्ही दोघी जमिनीवर, मधे टोपली, सालींचा चट चट आवाज, आणि वरून रेडिओवरचे बाजारभाव. माणसं गिरणीत परत घेतली जाऊ लागली तेव्हा संपात उतरलो ही चूक झाली असं लिहून द्यावं लागे. बाबांनी लिहून दिलं नाही. त्यांचा हा ताठा मला तेव्हा फार मोठा वाटायचा. कॉलेजात मी तो मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे. घरी आल्यावर खाली बसून कोळंबी सोलायला लागले की तो अभिमान हळूहळू आंबायचा.

आमच्यापासून तीन दारं पलीकडे गावडेकाका राहत. बाबांच्याच गावचे, वेंगुर्ल्याकडचे. दोघं एकाच गिरणीत, एकाच खात्यात विणकर. गिरणीत मागाला साचा म्हणत, आणि या दोघांचे साचे समोरासमोर होते. संपात दोघं बरोबर होते. गावडेकाकांनी दीडदोन वर्षं कळ काढली, मग लिहून दिलं आणि गेले. त्या दिवसापासून बाबांनी त्यांच्याकडे पाहणं सोडलं. गौरीच्या दिवशी गावडेकाकू हळदीच्या पानातल्या पातोळ्या घेऊन आल्या. बाबांनी उठून ताट स्वतःच्या हातात घेतलं, इतकं नीट की मला वाटलं आता मिटलं. मग ते गॅलरीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि पातोळ्या खालच्या गटारात ओतल्या. ताट नळाखाली धुतलं. आपल्यात ताट रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून टोपलीतली कोळंबीची मूठभर सालं त्यावर ठेवली आणि ते काकूंच्या हातात दिलं. काकू तशाच उभ्या होत्या. सगळी चाळ बघत होती आणि दोनचार जण हसलेसुद्धा. आई मोरीकडे तोंड करून बसली.

त्याच सुमारास मला प्रभादेवीच्या एका औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका होती आणि मार्क चांगले होते. कंपनी छोटी होती. कारखान्यांत बसवायचे संगणक ती जुळवायची आणि त्यांच्यासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची. तिचा जो गाभा असतो, जो प्रोसेसरशी थेट बोलतो आणि कुणाला कधी पाळी द्यायची ते ठरवतो, त्याला कर्नल म्हणतात. मी घरी येऊन सांगितलं की मला कर्नलच्या कामावर घेतलंय. आईने सुई खाली ठेवली. "कर्नल म्हणजे पलटणीतलो मां? तेच्या हाताखाली पोरीक कित्या?" मी समजावलं, पण ते काही खरं नव्हे असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. चाळभर झालं की परबांची मंदा कर्नलच्या हाताखाली आहे. पुढे पुढे मीही ते खोडून काढायचं सोडून दिलं.

ऑफिस थंड होतं आणि तिथे गुलाबाच्या फवाऱ्याचा वास असायचा. संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने नाक वर करून विचारलं, कुणी मासे आणलेत का? मी हात टेबलाखाली घेतले. त्यानंतर निघण्याआधी मी हातांना इतकं लिंबू चोळायचे की चिरा झोंबायच्या. साहेब होते सबनीस, पुण्याचे, चाळिशीचे, हुशार. हुशार हा शब्द मी आजही परत घेणार नाही. प्रोसेसर म्हणजे काय ते मला त्यांनी शिकवलं. आत एक स्फटिक थरथरत असतो, त्याच्या प्रत्येक ठोक्यावर प्रोसेसर एक पाऊल टाकतो. कुठल्या आज्ञेला किती ठोके लागतात ते पुस्तिकेत दिलेलं असतं. बेरजेला थोडे, गुणाकाराला पुष्कळ. एखादं काम मशीनला किती वेळात होईल हे घड्याळ लावून बघायची गरज नाही. आज्ञा एकेक वाचायच्या आणि ठोक्यांची बेरीज करायची. सबनीस ती बेरीज ओठ हलवत करायचे आणि करताना पेनाच्या टोपणाने कान कोरायचे. टोपणाला जे लागेल ते बघायचे, टिपकागदाला पुसायचे आणि पुढची आज्ञा वाचायचे. मी नजर पुस्तिकेवरून हलवायचे नाही. पण बेरीज बरोबर असायची, आणि त्या बेरजेचं मला वेड लागलं. घरातल्या कुठल्याच गोष्टीचा हिशोब लागत नव्हता. इथे प्रत्येक ठोक्याचा लागायचा.

आमच्या कंपनीने एका गिरणीच्या विणाई खात्यात संगणक बसवला होता. बाबांचीच गिरणी. संपानंतर निम्मी माणसं घेऊन ती चालू होती, आणि एका खात्यात नवे साचे आले होते. प्रत्येक साच्याला एक छोटी डबी लावलेली. आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की डबी संगणकाला एक इशारा द्यायची. पाळी संपली की कागदावर छापून यायचं, कुठला साचा किती वेळ चालला, किती वेळ थांबला. साचा थांबला म्हणजे त्यावरचा माणूस थांबला, असा त्याचा अर्थ. कंपनीला तक्रार आली की पडद्यावरचं घड्याळ मागे पडतंय. सबनीसांनी मला पाठवलं.

संगणक जुन्या विव्हिंग मास्तरांच्या केबिनमध्ये होता. काच लावलेली, वातानुकूलित, पडद्याला कुंकू आणि निशिगंधाचा हार. हार कुजलेला होता, त्याचं पिवळं पाणी चाव्यांवर ठिबकलेलं. अत्तर, कुजकी फुलं आणि गार हवा असा तो वास मी अर्धा दिवस घेतला असेन, पण अजून कुणाच्या दिवाणखान्यात निशिगंध ठेवलेला असला की मी खिडकीशी जाऊन बसते. काचेपलीकडे खातं चालू होतं. आवाज काचेतून पायात यायचा. कापसाची पूड दिव्यांभोवती तरंगत होती आणि तिच्यात गावडेकाका दिसले. अंगात बनियन, भुवया पांढऱ्या झालेल्या, चार साच्यांमध्ये नुसते सरकत होते. त्यांनी मला ओळखलं. हात वर केला नाही, फक्त मान हलवली, आणि तुटलेला धागा जोडून पुढे गेले. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. ते उभे राहिलेले मला दिसलेच नाहीत.

मी माझं मनगटी घड्याळ पडद्याशेजारी ठेवलं. खातं जोरात चालू असताना पडद्यावरचा वेळ मागे रेंगाळायचा. मग जेवणाची सुट्टी झाली, साचे बंद पडले, आणि सगळी सुट्टी संपेपर्यंत पडदा आणि माझं घड्याळ अगदी बरोबर चाललं. साचे सुरू झाले तशी पडद्याची चाल पुन्हा मंदावली. बिघाड घड्याळात असता तर तो सुट्टीतही दिसायला हवा होता. म्हणजे वेळ कुठे तरी साच्यांमुळे हरवत होता.

पुढचे काही दिवस मी ऑफिसात पुस्तिका घेऊन ठोके मोजत बसले. ते काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रोसेसरचे ठराविक ठोके झाले की एक वेगळी चिप कर्नलचं दार वाजवते. त्याला टिक म्हणतात. टिक आली की कर्नल हातातलं काम टाकतो, वेळ एका घराने पुढे करतो आणि जे साचे त्या क्षणी चालू असतील त्या प्रत्येकाच्या नावावर एक टिक चढवतो. त्याखेरीज साच्यांचे इशारे येत असतातच. इशारा घेताना कर्नल कान बंद करून घेतो, मधे कुणी बोलू नये म्हणून. तेवढ्यात टिक आली तर ती दारात थांबते. पण दारात एकालाच उभं राहायला जागा असते. कान बंद असतानाच दुसरी टिक आली तर ती पहिलीत मिसळून जाते, आणि दोनाची एकच मोजली जाते. सबनीसांनी लिहिलेला भाग असा होता की एकदा कान बंद केले की जेवढे साचे रांगेत असतील तेवढे सगळे उरकूनच कान उघडायचे. थोडे साचे चालत असले तर ते वेळेत व्हायचं. सगळं खातं जोरात चालू असलं की रांग संपायचीच नाही आणि टिक मागून टिक हरवायची.

पाळीचा एकूण वेळ मात्र बॅटरीवर चालणाऱ्या वेगळ्या घड्याळावरून घेतलेला असायचा, आणि तो बरोबर असायचा. एकूण वेळातून चाललेला वेळ वजा केला की उरलेला तो थांबलेला, असा प्रोग्रॅम होता. हरवलेल्या टिका त्या उरलेल्यात जाऊन पडत. ज्याचा साचा खरोखरच बंद होता त्याचं काहीच हरवत नव्हतं. ज्याचा सतत चालू होता त्याचंच सगळ्यात जास्त हरवत होतं. ही गोष्ट कागदावर माझ्यासमोर आली तेव्हा मला आनंद झाला, हेही खरं आहे. बेरीज जुळली होती. त्या बेरजेचा अर्थ काय ते मला खाली चहा प्यायला उतरल्यावर जिन्यात सुचलं, आणि मी चहा न घेताच परत वर गेले.

सबनीसांना मी कागद दाखवले. इशारे देणारं उपकरण लावून टिक कशी हरवते ते त्यांच्यासमोर करून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे कान कोरले, आणि म्हणाले की तक्रार घड्याळाची आहे. पाळी बदलताना बॅटरीच्या घड्याळावरून वेळ उचलायचा आणि पडद्यावर टाकायचा, चार ओळींचं काम. मी विचारलं, साच्यांच्या आकड्यांचं काय? ते म्हणाले, आकड्यांबद्दल कुणी विचारलंय का? पण ते कामाचे मानी होते. कर्नलचा तो भाग त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यातला दोष कुणी दाखवावा हे त्यांना सलत असणार. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं की एकेक साचा घ्या आणि मधे कान उघडा, तसं लिहून आणा. मी लिहिलं. त्यांनी ओळ न् ओळ तपासली आणि म्हणाले, "छान केलंत, परब." मी त्या दिवशी घरी येताना आईसाठी मोगरा घेतला. नवी फ्लॉपी गिरणीत बसवली. टिका हरवायच्या थांबल्या.

आठवड्याभरात गिरणीच्या मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. माणूस गोड बोलणारा, गुबगुबीत, बोटात अंगठ्या रुतलेल्या. बशीत बर्फी आली. त्यांच्यापुढे दोन कागद होते, जुन्या आकड्यांचा एक आणि नव्याचा एक. नव्यात खात्यातली जवळजवळ सगळी माणसं चांगली चालत होती. त्यांनी हसत विचारलं की एका आठवड्यात सगळे मेहनती कसे झाले. सबनीसांनी टिकेचं समजावलं, फार चांगलं समजावलं, माझ्याहून सोपं. मॅनेजरना ते समजलं. समजलं हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि म्हणून मी त्यांना कधी अडाणीपणाची सूट दिली नाही. बर्फीचा तुकडा मोडत ते म्हणाले,

"बरं. मग हे नवं काढा आणि आधीचं घाला. आम्हाला आधीचंच बरं होतं."

मी म्हटलं, "साहेब, आधीचं चुकीचं मोजतं."

"मोजायचं काम तुमच्या मशीनचं, बाई. बरोबर काय ते आम्ही बघतो."

कुणी आवाज चढवला नाही. सबनीसांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बर्फीकडे, आणि एक वडी उचलली. कमी आकडेवाल्यांची नावं कपातीसाठी आधीच वर गेली होती; नवे आकडे आले तर त्या नावांचं काय करायचं, एवढाच मॅनेजरांचा प्रश्न होता. केबिनमध्ये आल्यावर सबनीस म्हणाले, "परब, जुनी फ्लॉपी." मी म्हटलं, "मी घालणार नाही, सर." ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीतून ती काढली, स्वतः खुर्चीवर बसले आणि जुना कर्नल चढवला. तोंडात बर्फी होती. चाव्या दाबताना तिचा चुरा चाव्यांवर पडत होता, आणि ते तो करंगळीने उचलून पुन्हा तोंडात घालत होते. काचेपलीकडे खातं चालू होतं. मी बाहेर गेले आणि खात्याच्या मागच्या नळाजवळ ओकले.

टॅक्सीत ते म्हणाले की माझं काम उत्तम आहे, माझं पुढे फार चांगलं होईल, आणि गिऱ्हाईक जे मागेल ते द्यावं लागतं. रुमालाला अत्तर होतं, त्याने ते बोटं पुसत होते. मी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. त्यांनी तो वाचून, खरंच वाईट वाटल्यासारखा चेहरा करून, टेबलाच्या खणात ठेवला. ज्याला आपण काय करतोय ते माहीत नाही त्याचा राग येतो. ज्याला ठोक्याठोक्याने माहीत आहे त्याची किळस येते, आणि किळस रागासारखी ओसरत नाही. आता त्या गिरणीच्या जागेवर काचेचा मनोरा आहे. माझ्या मावसबहिणीची मुलगी तिथे नोकरी करते. तिच्या लॅपटॉपवर काही तरी बसवलंय, ते ती किती वेळ चाव्या दाबते ते मोजतं. एकदा तिने सहज विचारलं की ते बरोबर मोजत असेल का गं मावशी? मी विषय बदलला.

मी नोकरी सोडल्यावर थोड्याच दिवसांत गिरणीच्या फाटकावर काढून टाकलेल्यांची यादी लागली. गावडेकाकांचं नाव त्यात होतं. कारण लिहिलं होतं, कामात हयगय.

मी घरी सगळं सांगितलं. आई कोळंबी सोलत होती. तिने निम्म्यावर हात थांबवला आणि नुसती ऐकत राहिली. मला बाबांकडून काही तरी हवं होतं, काय ते मला नीट सांगता येणार नाही. ज्या माणसाने गिरणीपुढे मान झुकवली नाही तो आता तरी उठेल, गावडेकाकांच्या दारात जाईल, असं काहीतरी. बाबांनी रेडिओ बंद केला, सगळं दोनदा विचारून घेतलं, टिक कशी हरवते तेही. मग हसले. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं. दातांच्या मुळाशी तंबाखू साचली होती.

"बरा झाला," ते म्हणाले. "कर्नलान बरोबर वळाखल्यान तेका."

आईने पहिल्यांदाच त्यांना उलट उत्तर दिलं. म्हणाली, "तेचे साचे चलत होते असा आपला चेडू सांगता ना?" बाबा म्हणाले, चालत असतील, गद्दाराचे साचे चालले काय आणि थांबले काय. आणि रेडिओ लावला.

मी तशीच उठून गावडेकाकांकडे गेले. यादी लागल्यावर, घरी सांगण्याआधीच, मी गिरणीतल्या युनियनच्या माणसाला भेटून आले होते. त्याने यादी आमच्या संमतीने लागली आहे असं सांगून मला दार दाखवलं होतं. ज्यांना काढलं त्यांच्यातल्या काहींनी पुढे कोर्टात दावा लावला. मी साक्ष द्यायला तयार होते. त्यांचे वकील म्हणाले, कर्नल, टिक, ठोके, हे कुठल्या न्यायाधीशाला समजावणार? दावा रेंगाळत राहिला, आणि त्याचा निकाल लागायच्या आत गिरणीच बंद झाली. यातलं पुढचं तेव्हा मला माहीत नव्हतं, पण काकांना सांगायला जाताना हातात काही नव्हतं हे माहीत होतं.

ते गॅलरीत पाटावर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं. बोटांनी कठड्यावर ठोके देऊन दाखवले, दोन कसे एकात जातात ते. त्यांनी माझ्या बोटांकडे नीट पाहिलं. मग फक्त एवढंच विचारलं,

"म्हणजे माझे साचे थांबलेले नाय?"

"नाही काका. तुमचे चालू होते म्हणून तर हरवले."

 मला वाटलं आता कोर्टाचं विचारतील, नोकरीचं विचारतील. ते उठले आणि म्हणाले, "बाय, ह्या सगळा माझ्या घरात येऊन सांग."

खोलीत काकू स्टोव्हपाशी होत्या आणि त्यांचा मोठा मुलगा प्रकाश भिंतीला टेकून पेपर वाचत होता. यादीत कारण वाचल्यापासून तो बापाशी धड बोलत नव्हता, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. लिहून देऊन गेला, वर झोपा काढल्या, असं तो नाक्यावर म्हणाला होता. मी दारात उभी राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. इतक्या साध्या शब्दांत ते मी आयुष्यात पुन्हा कुणाला सांगितलं नाही. काकूंनी स्टोव्ह बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. मी थांबल्यावर प्रकाश पेपरातून वर न बघता म्हणाला, "मग आता त्याचा उपयोग काय?"

काका म्हणाले, "उपयोगाचा कोण इचारता? तू ऐकलंस मां?"

प्रकाशने मान हलवली. काकांनी मला परत जायला वाट करून दिली आणि माझ्या मागून गॅलरीत येऊन पुन्हा पाटावर बसले, पाठ सरळ करून.

बाबा आमच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला आत येऊ देत ते म्हणाले की गावडेच्या घरात जायची काय गरज होती.  आईने पानं वाढली तेव्हा मी माझं ताट उचललं आणि बाहेर गॅलरीत जाऊन जेवले. बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांचं सगळं केलं, औषधपाणी, डॉक्टर, शेवटी अंघोळसुद्धा, आणि कधी टाळाटाळ केली नाही. पण त्यांच्या पंगतीला मी पुन्हा बसले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, म्हणजे त्यांना ते माहीत होतं.